रेघ आधी, अक्षरे नंतर : ‘बीमाइंडर’ ही ठरवलेले काम चुकले की पैसे कापणारी ऑनलाइन सेवा अकरा महिने वापरल्यानंतर

माझ्या संगणकात ‘मोडी वर्ग’ नावाचे एक फोल्डर आहे. २०२२च्या दिवाळीच्या सुट्टीत ते तयार झाले, पहिल्या पाच आठवड्यांत त्यात नऊ धड्यांचे चित्रीकरण जमा झाले आणि त्यानंतरचे चौदा महिने त्यात एका सेकंदाचीही भर पडली नाही. मी कराडला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मोडी वाचायला मी वडिलांकडून शिकले आणि ती शिकवणारा चोवीस धड्यांचा सशुल्क ऑनलाइन वर्ग काढावा, अशी माझी योजना होती. योजनेत काही खोट नव्हती. वर्गाचे नाव ठरले होते, बोधचिन्ह तयार होते, संकेतस्थळाचा पत्ता दोन वर्षांसाठी विकत घेऊन ठेवला होता. अशा माणसाला आपल्याकडे आरंभशूर म्हणतात आणि ऑनलाइन धंद्यात आरंभशूरांची जितकी चैन होते तितकी ती दुसरीकडे कुठे होत नसावी. कारण दुकानाचा गाळा भाड्याने घेतला की दर महिन्याला मालक दारात येऊन उभा राहतो, संकेतस्थळाचा पत्ता मात्र वर्षभर गप्प पडून असतो आणि कोणाकडे काही मागत नाही.

माझ्या बाबतीत ही स्वस्थता विशेष लाजिरवाणी ठरली. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जुन्या दप्तरांतील पुष्कळ नोंदी मोडीत असल्यामुळे, ज्या लिपीविषयी वर्षानुवर्षे चार अभ्यासकांपलीकडे कोणी विचारत नव्हते ती वाचणारी माणसे अचानक हवीशी झाली. ग्रंथालयात येऊन लोक मला विचारू लागले, ‘मॅडम, तुमचा तो वर्ग कधी सुरू होतोय?’ मी प्रत्येकाला ‘दिवाळीनंतर’ असे सांगत राहिले. ती दिवाळी झाली आणि तुळशीचे लग्नही लागले.

या काळात मी उपाय केले नाहीत असे नाही. ‘ऑनलाइन व्यवसायात यश’ या विषयावरचा एक महागडा मार्गदर्शन वर्ग मी घेतला होता. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण तसे वर्ग ढिगाने आहेत. पैसे भरल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या एका समूहात प्रवेश मिळाला, रोज सकाळी सहा वाजता सूर्योदयाच्या चित्रावर छापलेले एक वचन येऊ लागले आणि त्याखाली शंभरभर लोक हात जोडल्याची खूण टाकू लागले. तीन महिन्यांत ‘काल तुम्ही काय केलेत?’ असे मला कोणीही विचारले नाही. उत्साह मिळत होता, हे मान्य केले पाहिजे. तो आंघोळीपर्यंत टिकत असे.

फेब्रुवारी २०२४मध्ये मी बीमाइंडर ही सेवा वापरायला घेतली आणि जानेवारी २०२५पर्यंतचे अकरा महिने हा या परीक्षणाचा आधार आहे. डॅनियल रीव्ह्ज आणि बेथनी सोल या अमेरिकेतील जोडप्याने ती २०११मध्ये सुरू केली. सेवेचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : आपण मोजता येईल असे एक उद्दिष्ट ठरवायचे, रोज किंवा जेव्हा काम होईल तेव्हा त्याचा आकडा नोंदवायचा आणि ठरवलेल्या गतीच्या मागे पडलो तर आपल्या कार्डावरून खरेखुरे पैसे कापले जाऊ द्यायचे. कापलेले पैसे कोणत्याही धर्मादाय संस्थेला जात नाहीत, ते थेट कंपनीला मिळतात. आपण ठरल्याप्रमाणे काम करत राहिलो तर मूळ सेवेसाठी काही द्यावे लागत नाही. अधिक सोयींच्या मासिक वर्गणीच्या योजना वेगळ्या आहेत, पण मला त्यांची गरज पडली नाही.

हे ऐकून ‘म्हणजे आपण नापास झालो तरच यांची चूल पेटणार’ असे माझी बहीण म्हणाली आणि तिचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही. एवढेच सांगता येईल की, ही गोष्ट कंपनी लपवून ठेवत नाही. प्रेरणा विकणाऱ्या इतर ठिकाणी आपण अपयशी ठरलो तरी त्यांना पैसे मिळालेलेच असतात, ते फक्त आधी घेतलेले असतात.

उद्दिष्ट नोंदवले की पडद्यावर एक आलेख उमटतो आणि त्यावर पुढच्या कित्येक महिन्यांची एक लाल रेघ आखली जाते. आपले नोंदवलेले ठिपके त्या रेघेच्या योग्य बाजूला राहिले पाहिजेत. मोडी लिहिताना कागदावर शिरोरेघा आधी ओढून घेतात आणि मग त्या रेघेला अक्षरे लटकवत जातात. देवनागरीत आपण बहुधा उलटे करतो, शब्द आधी आणि रेघ शेवटी. माझ्या योजनेत रेघ नेहमी शेवटी यायची आणि जितके काम झाले असेल तितकीच ती ओढली जायची, त्यामुळे कोणताही आठवडा अपुरा ठरतच नसे. येथे रेघ आधी असते. तिच्यापासून आपण किती दूर आहोत, हे रंगावरून कळते. आज काम केले नाही तर पैसे जाणार असतील तर लाल, उद्यापर्यंत मुदत असेल तर नारिंगी, दोन दिवस हाताशी असतील तर निळा आणि त्याहून अधिक सवड असेल तर हिरवा. एखाद्या दिवशी जास्त काम केले तर पुढचे दिवस मोकळे मिळतात, ही सवलत नोकरी सांभाळून धंदा उभारणाऱ्याला फार उपयोगी पडते. कारण माझे काम शनिवार-रविवारी होते आणि रोज अर्धा तास बसावे असा आग्रह धरणारी कोणतीही पद्धत माझ्यासाठी परीक्षेच्या हंगामात मोडून पडते.

या सेवेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना मात्र वेगळी आहे. उद्दिष्ट सोपे करण्याची मुभा कधीही असते, पण तो बदल सात दिवसांनंतर लागू होतो. सुट्टीही अशीच आठवडाभर आधी मांडून ठेवावी लागते. आज रात्री अकरा वाजता कंटाळा आला म्हणून आजची सुटका होत नाही. पुढच्या आठवड्यातल्या स्वतःला मात्र सवलत देता येते. हा आठवडा ठेवण्यामागचा हिशेब माणसाच्या स्वभावाची चांगली ओळख असलेल्याने केला आहे. मी सात-आठ वेळा रागाच्या भरात उद्दिष्ट निम्म्यावर आणले आणि त्यांतील बहुतेक वेळा तो बदल लागू होण्यापूर्वीच मागे घेतला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा तो वर्ग पूर्ण करायचा होता.

दंडाची शिडी ५ डॉलरपासून सुरू होते आणि प्रत्येक चुकीनंतर १०, ३०, ९०, २७० अशी चढत जाते. आपल्यापुरती वरची मर्यादा घालून घेता येते आणि ती प्रत्येकाने पहिल्याच दिवशी घालावी, असे मी आग्रहाने सांगेन. मी ती ३० डॉलरवर ठेवली. अकरा महिन्यांत मला दोनदा दंड भरावा लागला. पहिल्यांदा ५ आणि दुसऱ्यांदा १० डॉलर गेले, म्हणजे त्या वेळच्या दराने एकूण सुमारे साडेबाराशे रुपये. त्या मार्गदर्शन वर्गासाठी मी जे मोजले होते, त्यापुढे ही रक्कम चहापाण्याची आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी, कारण खरे शहाणपण मला तेथे आले आणि त्यातले थोडेच या सेवेच्या मदतपानांवर सापडते. सुरुवातीला मी ‘आठवड्याला तीनशे मिनिटे काम’ असे उद्दिष्ट ठेवले. सहा आठवडे आलेख अखंड हिरवा होता आणि मी खुशीत होते. नंतर फोल्डर उघडून पाहिले तर धडे नऊच. मिनिटे खरी होती, त्यांत खोटे काही नव्हते. पण त्या मिनिटांत मी बोधचिन्हाचा भगवा रंग तीनदा बदलला होता आणि संगणकावर मोडी लिहिण्यासाठी कोणता टंक अधिक देखणा, याचा तौलनिक अभ्यास केला होता. युनिकोड या संगणकावरील लिप्यांच्या जागतिक प्रमाणकात मोडीला २०१४ साली जागा मिळाली, तिचे टंक आता सहज मिळतात, त्यांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण वर्गाला नाव नोंदवणाऱ्या माणसाला त्याचे काडीचे सोयरसुतक नसते. बीमाइंडर आपण सांगू ते मोजते. आपण बसण्याची वेळ मोजायला सांगितली तर आपण बसतो.

एप्रिलमध्ये मी मोजमाप बदलले : ‘पूर्ण संपादित होऊन चढवलेला धडा’, दर दहा दिवसांना एक. येथून गाडी खऱ्या अर्थाने हलली. आलेख लाल झाला की त्या दिवशी इमेलवर स्मरणपत्रे येऊ लागतात आणि रात्रीची मुदत जवळ येईल तशी ती अधिकाधिक घाईने येतात. त्या पत्रालाच उत्तर म्हणून आकडा पाठवला तरी नोंद होते. मोबाइलवरचे अ‍ॅपही आहे. पहिली चूक चौदाव्या धड्याला झाली. तो कालगणनेचा धडा होता, जुन्या कागदांवर शुहूर सन अरबी संख्यानामांत लिहिलेला असतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इसवी सन येतो, हे उदाहरणांसह समजावणे मला कठीण जात होते. मी तो धडा तीन वेळा चित्रित करून पुसला आणि मुदत टळली. ५ डॉलर गेल्याचा निरोप रात्री बारानंतर आला. मला वाटले होते त्यापेक्षा पैशांचे दुःख कमी झाले. पण चौथ्यांदा चित्रित केलेला धडा मी दोनच दिवसांत, अडखळण्यासकट, चढवून टाकला. वर्गातले विद्यार्थी आज तोच धडा सर्वांत जास्त वेळा पाहतात.

चोवीसावा धडा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपला आणि आता सर्व सुरळीत होईल असे मला वाटले. तसे झाले नाही. धडे पूर्ण, पैसे भरण्याचे पान तयार, तरी मी पाच आठवडे कोणालाही शुल्क सांगितले नाही. ज्यांनी ग्रंथालयात येऊन विचारले होते त्यांचे दूरध्वनी क्रमांक माझ्या वहीत होते. ‘अठराशे रुपये’ हे दोन शब्द उच्चारायचे होते, आणि ते उच्चारण्याऐवजी मी धड्यांना जोडायच्या सरावपत्रिका सजवत बसले. आमच्या घरात शिकवण्याचे पैसे मागणे हे कमीपणाचे मानले जाई आणि तो संस्कार मी समजत होते त्याहून खोल निघाला. ऑनलाइन धंदे अर्धवट राहण्याचे कारण आळस, असे सरसकट म्हटले जाते. माझ्या अनुभवात काम करण्याचा आळस एक हिस्सा होता आणि विकण्याचा संकोच तीन हिस्से. या संकोचाचे सोंग इतके हुबेहूब असते की, तो सरावपत्रिकांचे रूप घेऊन मेहनत म्हणून मिरवतो.

म्हणून ऑक्टोबरअखेर मी तिसरे उद्दिष्ट लिहिले : ‘शुल्क सांगितलेली माणसे’, आठवड्याला चार. वर्ग घेतला की नाही, हे मोजायचे नाही, कारण ते माझ्या हातात नाही. मी आकडा तोंडातून काढला की नाही, एवढेच मोजायचे. दुसरी चूक याच उद्दिष्टात झाली. दंड प्रत्येक उद्दिष्टाचा स्वतंत्र असतो, पण या वेळी शरम वाटावी म्हणून मी तो १० डॉलरवर आणून ठेवला होता. त्यानंतर मात्र आलेख लाल झाल्याच्या एका रात्री साडेनऊ वाजता मी पाटणच्या एका निवृत्त तलाठ्यांना दूरध्वनी केला, दोन मिनिटे उगाच हवापाण्याची चौकशी केली आणि शुल्क सांगितले. ते म्हणाले, ‘एवढेच का? मला वाटलं पाच-सहा हजार असेल.’ जानेवारीअखेर बावन्न जणांना शुल्क सांगून झाले होते आणि एकोणीस जणांनी पैसे भरले होते. आकडा लहान आहे, धंदा म्हणून तो अजून रांगतो आहे, पण दोन वर्षांच्या शून्यानंतरचा आहे.

मधे नोव्हेंबरात आई रुग्णालयात होती आणि एक मुदत चुकली. मुदत चुकल्यावर येणाऱ्या पत्रातच, हा दंड योग्य आहे ना, अशी विचारणा असते. कारण कळवले तर पैसे कापत नाहीत. मी दोन ओळी लिहिल्या आणि दंड रद्द झाला. कोणी दाखला मागितला नाही. ही उदारता काहींना पळवाट वाटेल आणि तशी ती आहेही. हाताने आकडे भरणाऱ्याला खोटा आकडा भरणेही अवघड नाही. स्वतःवर विश्वास नसलेल्यांसाठी ही सवलत नाकारण्याची सोय सेटिंगमध्ये ठेवलेली आहे. मला तिची गरज वाटली नाही, कारण माझा आलेख कोणी पाहत नसतानाही त्यात खोटा ठिपका टाकण्याचा मला धीर झाला नाही, आणि हा माझा मोठेपणा नसून त्या रेघेचा प्रभाव आहे.

येथेच आपल्या भिशीची आठवण होते. कॉलनीतल्या बारा बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम न चुकता आणतात, ती बचतीच्या प्रेमापोटी नव्हे, तर अकरा जणींसमोर हात हलवत जाणे नको म्हणून. भिशीत माणसांची लाज काम करते, बीमाइंडरमध्ये माणसे नाहीत, फक्त पैसे आहेत. भिडस्त माणसाला माणसांशिवायचा हा धाक बरा पडतो. ज्याला सोबत हवी त्याने फोकसमेट पाहावी : तेथे एका अनोळखी माणसासमोर व्हिडिओवर २५, ५० किंवा ७५ मिनिटे आपापले काम करत बसायचे असते आणि आठवड्याला तीन बैठका विनामूल्य मिळतात. कालगणनेचा तो धडा मी शेवटी तेथेच बसून लिहिला. पण अनोळखी माणसासमोर बसूनही बोधचिन्हाचा रंग बदलता येतोच. त्या वेळी येल विद्यापीठाशी संबंधित असलेल्या डीन कार्लन आणि इयन एअर्स यांनी उभी केलेली स्टिक ही सेवा पंच नेमू देते आणि दंडाचे पैसे आपल्याला न आवडणाऱ्या संस्थेला पाठवण्याचा पर्याय देते. ही कल्पना ऐकायला गमतीची आहे, पण माझ्या पैशांतून मला न पटणारे काम पुढे जावे, एवढा माझा आळस मोलाचा नाही.

अशा दंडाच्या करारांविषयी अवास्तव अपेक्षाही ठेवू नये. कार्लन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर फिलिपाइन्समध्ये धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांवर एक प्रयोग केला होता, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सहा महिने बचत खात्यात पैसे ठेवायचे आणि शेवटी चाचणीत निकोटीन आढळले तर ते गमवायचे, असा करार लोकांसमोर ठेवण्यात आला. विचारलेल्यांपैकी ११ टक्क्यांनीच तो स्वीकारला, आणि ज्यांना करार देऊ केला होता त्यांचे चाचणी उत्तीर्ण होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ३ टक्क्यांच्या फरकाने अधिक निघाले. फरक खरा होता, वर्षभरानंतरही टिकला होता, पण चमत्कार म्हणावा असा नव्हता. बीमाइंडरही बहुतेकांना मानवणार नाही, आणि ज्यांना मानवेल त्यांना पहिल्या महिन्यातच कळेल.

सेवेतील अडचणी सांगितल्या पाहिजेत. संपूर्ण व्यवहार इंग्रजीत आहे आणि ते इंग्रजी मधमाशांवरच्या (नावातल्या ‘बी’वरून सुचलेल्या) कोट्यांनी इतके भरलेले आहे की, नेमका नियम शोधायला तीन पाने वाचावी लागतात. आलेख गणिताची आवड असलेल्यांनी आपल्यासारख्यांसाठी बनवलेला वाटतो. रेघेचा उतार बदलण्याचे पान समजायला मला एक रविवार लागला. दंड डॉलरमध्ये आहे आणि ५ डॉलर ही रक्कम अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये कॉफीची असली, तरी आपल्याकडे कित्येक घरांत ती दोन दिवसांच्या भाजीची आहे. ज्यांचा ऑनलाइन धंदा अजून पैसे आणत नाही आणि घरात चणचण आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

कार्डाची बाब त्याहून किचकट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून वारंवार परस्पर पैसे वळते करायचे असतील तर ग्राहकाची आगाऊ संमती नोंदवावी लागते आणि पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास सूचना द्यावी लागते. ग्राहकाच्या दृष्टीने हा नियम अत्यंत योग्य आहे. मुदत टळली की कापल्या जाणाऱ्या दंडाशी मात्र तो मुळातच विसंगत आहे. माझ्या पहिल्या बँकेचे कार्ड स्वीकारलेच गेले नाही, दुसऱ्या बँकेच्या कार्डाने काम झाले. परदेशी व्यवहारांची सोय कार्डावर सुरू आहे का आणि तिची मर्यादा किती आहे, हे आपल्या बँकेत विचारूनच सुरुवात करावी, आणि मर्यादा आपण स्वतःला घातलेल्या दंडाइतकीच ठेवावी.

सध्या माझी पहिली दोन उद्दिष्टे बंद आहेत. तिसरे चालू आहे, आठवड्याला चारऐवजी दोन माणसे, कारण वहीतले क्रमांक संपले आणि आता अनोळखी माणसे शोधावी लागतात. काल ते लाल होते. मी साताऱ्याच्या एका वकिलांना पत्र लिहून शुल्क कळवले, ठिपका टाकला, आणि आज ते निळे आहे.